वळणावरची बाटली

चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा तो तरुण इतका मितभाषी, की त्याला सगळे ‘मौनीबाबा’ म्हणत. पाय मात्र थोरल्या बहिणीपेक्षा वेगवान. मॅरेथॉनचे वेड ताईचे होते. आयुष्यभर इतरांच्या वेळा सांभाळत धावलेल्या त्या बाईला एकदा स्वतःसाठी धावायचे होते.

उन्हाळा असा पेटला होता, की सकाळही पोळलेलीच उगवे. म्हणून ताईने एक रीत पाडली होती. उजाडण्याआधी स्कूटरवरून जाऊन ती वळणावरच्या बंद गिरणीच्या कुंपणाखाली दोन बाटल्या ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवी. मग दोघांनी घरून धावत निघायचे, तिथे आपापली बाटली प्यायची आणि परत फिरायचे.

त्या रविवारी त्याच्याच झोपेपायी निघायला उशीर झाला. गिरणीपाशी तो नेहमीसारखा आधी पोहोचला. घशाला कोरड, डोळ्यांपुढे अंधारी. आपली बाटली त्याने एका दमात रिचवली. मग ताईची उघडली. एकच घोट, असे मनाला बजावून. बाटली रिकामी झाली तेव्हा तो भानावर आला आणि तिच्याभोवती फडके पूर्वीसारखेच नीट गुंडाळून त्याने ती जागेवर ठेवली. ताई येताना दिसली, तेव्हा तो मान वळवून दुसऱ्या कडेने निघून गेला.

परतीच्या वाटेवर ताई कोसळली. एका दूधवाल्याने तिला घरी आणले.

“काय हो मेहुणे,” भावोजी म्हणाले, “बायको तुमच्याबरोबर धाडली, ती दुधाच्या कॅनांबरोबर परत आली!”

ताई कॉटवरून क्षीण हसली. “माझी बाटली कुणी वाटसरू प्यायला असेल. पण एका बाटलीवाचून जी आडवी होते, तिनं मॅरेथॉनच्या बाता मारू नयेत.”

“वय झालं, बाईसाहेब. मान्य करा.”

तो उशाशी बसून वारा घालत राहिला. हातातला पंखा हलत होता. अंगणातली सावली सरकत भिंतीवर चढली, तरी त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

दुसऱ्या संध्याकाळी ताईने फोन पुढे केला. “स्पर्धेवाल्यांना लावून दे रे. नाव काढून घेते.”

नंबर लावता लावता त्याचे बोट थांबले. “ताई, पाणी मी प्यायलो.”

भावोजींच्या बशीतला चहा तसाच राहिला. ताई हळूहळू उठून बसली.

“आणि फडकं?”

“मीच गुंडाळलं.”

“मला भरलेली वाटावी म्हणून.”

त्याने मान हलवली. ती एक थोबाडीत देईल, तर आपण सुटू, असे त्याला वाटले. तिने हात उचलला नाही.

“तहान लागली, प्यायलास. ते मी विसरेन. पण काल दिवसभर इथे पडून मी स्वतःला म्हातारी समजत होते, आणि तू मला वारा घालत होतास.”

ताई भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघरात गेली. नळ सुटल्याचा आवाज आला, थांबला.

“फोन ठेवून दे,” आतून ती म्हणाली. “बरं वाटलं की मी पुन्हा धावणार आहे.”

त्याचा चेहरा उजळू पाहत होता.

“एकटी.”