गोष्ट कोणाकडनं?

मी खुर्ची बोलतेय. दचकू नका, सत्तेची नाही! काचीगुड्यातल्या आमच्या कथामंडळाची, सागवानी, वेताच्या बैठकीची. नामपल्लीच्या एका सुतारानं मला घडवलं आणि मंडळ सुरू करणाऱ्या केशवराव मास्तरांनी मंडळाला दिलं. देताना एक नियमही घालून दिला. माझ्यावर बसणाऱ्याला सगळ्यांनी विचारायचं, "गोष्ट कोणाकडनं?" मग त्यानं आपण कुठले आणि ही गोष्ट कुणाच्या तोंडून ऐकली, ते आधी सांगायचं. दुसऱ्याचं नाव गिळून इथं कुणी गोष्ट सांगत नसे.

किती तऱ्हेची माणसं बसली माझ्यावर! बस चालवून निवृत्त झालेले अप्पाराव मूळचे तेलुगू. मराठी शिकले ते सासूच्या गोष्टी ऐकून. सायली मुंबईहून संगणकाच्या नोकरीसाठी आलेली. आणि दीक्षा दवाखान्यात रक्त तपासणारी. तिची आजी सरुबाई नांदेडकडून इथं बांधकामावर आली. एका शाळेसाठी तिनं घमेली वाहिली आणि उद्घाटनाला तिलाच फाटकाबाहेर थांबवलं. दीक्षा ही गोष्ट आजीच्याच बोलीत सांगायची.

यंदा वार्षिक कार्यक्रम पुण्याच्या कौस्तुभच्या हाती गेला. तालमीत तो म्हणाला, "दीक्षा, गोष्ट छान आहे. पण उच्चार जरा... सायली सांगेल. आणि नांदेड, घमेलं, ते सगळं गाळू. आपण सगळे मराठीच ना!"

"माझी आजी 'हौ'च म्हणायची, सर. 'होय' कुठून आणू?"

"तू पडदा सांभाळ."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. स्वतः दर दोन वाक्यांत "आमच्या पुण्यात" म्हणायचं आणि दुसरीचं गाव मात्र गाळायचं! आणि घमेलं काढलं तर त्या गोष्टीत उरतं काय, कपाळ? आजी फाटकाबाहेर, नात पडद्याआड. कुठला हा न्याय?

कार्यक्रमात सायली माझ्यावर बसली. तिनं तोंड उघडलं, तोच पहिल्या रांगेतून अप्पारावांनी सवयीनं विचारलं, "गोष्ट कोणाकडनं, अम्मा?" पाठोपाठ सगळी मंडळी म्हणाली, "कोणाकडनं?" नांदेड गाळणाऱ्या कौस्तुभला हा नियम आठवलाच नव्हता.

सायलीच्या तळहातांचा घाम माझ्या हातांना लागला. मग ती उठलीच. "दीक्षाकडनं. ती तिथं पडद्याची दोरी धरून उभी आहे. मी कशाला सांगू?"

दीक्षा आली. बसली. "मी दीक्षा. आम्ही नांदेडकडचे. गोष्ट सरुबाईकडनं, माझ्या आजीकडनं. तिनं बांधलेल्या शाळेत तिला कोणी आत घेतलं न्हाई. आज मी तिला घेऊन आत आलेय."

आता कौस्तुभ म्हणतो, खुर्ची फार करकरते, नवी आणू. आणा बापडे! मी जाईन अडगळीत, माझं काही म्हणणं नाही. पण नव्या खुर्चीवर जो बसेल, त्यालाही विचारा, गोष्ट कोणाकडनं. तुम्ही विचारलं नाहीत, तर पुन्हा कुणीतरी दोरी धरून उभं राहील.