दुपारचा आरसा

मिठाची पुडी पिशवीच्या तळाशी सारत बाबा लेकीला म्हणाले, "तुझ्या दारातलं झाड फार फोफावलंय गं."

"मग काय, तोडू?"

"छे छे! मीच थोडा सरकून उभा राहतो. हल्ली दिसतं का गं तुला?"

तिने पिशवीचं तोंड आवळून बांधलं. "या वयात डोंगराशी संसार थाटलाय!"

"डोंगर टोमणे तरी मारत नाही," असं म्हणून हसत, एक पाय ओढत ते रानाच्या चढणीला लागले.

शिखरावरच्या चौकीत राहून वणव्यावर नजर ठेवणं हे त्यांचं एकतीस वर्षांचं काम. डोंगराच्या चार अंगांना चार वाड्या. एकीला दुसरी दिसत नसे, शिखर मात्र सगळ्यांना दिसे. भर दुपारी बाबा उन्हात आरसा धरून एकेका वाडीकडे चमकवत. धूर नाही, सगळं ठीक. खालूनही कुणी आरसा, कुणी घासलेली ताटली चमकवून उत्तर देई. वाडीपासून लांब पडलेल्या तिच्या घरासाठी त्यांची वेगळी चमक असे. खाली राहायला यायला ते नाही म्हणाले, त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून तिचा आरसा खिळ्यावरच होता. दुपारी शिखर लखलखलं की ती मान खाली घालून भांडी घासत राही.

आठवड्याने एका दुपारी चमक आली नाही. चारही वाड्यांतली माणसं न बोलावता वर चढली. बाबा झोपेतच गेले होते.

पंधरा दिवसांनी ती सामान आवरायला वर गेली. ताट, दोन सदरे, आरसा. चौकीमागे एक पायवाट दिसली. त्या बाजूला ना पाणी, ना सरपण. तरी गवत पार झिजलेलं. वाट उतरून एका निसरड्या खडकाशी संपत होती. आधाराला फांदीला दोर बांधलेला होता, मधोमध हाताने गुळगुळीत झालेला.

दोर धरून ती खडकाच्या टोकाशी गेली. खाली, झाडाच्या बाजूने, तिचं अंगण स्वच्छ दिसत होतं. कपड्यांची दोरी. भांडी घासायची जागासुद्धा.

सूर्य डोक्यावर आला होता. तिने आरसा अंगणाकडे तीनदा चमकवला. खाली कोणी नव्हतं.

"दिसायचं, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "रोज दिसायचं."