पारा खाली येत नव्हता

मित्रांनो, मी एक जुना रक्तदाबमापक आहे. लोक मला पाऱ्याचं मशीन म्हणतात. माझ्या पोटात पारा आहे, त्याला चढायला काचेची नळी आहे, दंडाला गुंडाळायचा पट्टा आहे आणि हवा भरायला रबरी फुगा आहे. ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने पारा शून्याच्या रेघेवर नीट थांबतो ना, हे पुन्हा पुन्हा वाकून पाहिलं आणि मगच माझं झाकण लावलं.

सुरतेत उधन्याला डॉक्टर गायत्रीबेनचा दवाखाना आहे. तिथल्या टेबलावर माझं आयुष्य गेलं. रंगाच्या कारखान्यातले निळे पडलेले हात, लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, राबणारे हात, सगळे माझ्या पट्ट्यातून गेले. गायत्रीबेन रोज सकाळी मला पुसायच्या. कुणी नवीन मशीन विकायला आलं तर म्हणायच्या, "माझा हाच बरा. हा खोटं बोलत नाही."

तेव्हा मला या कौतुकाचा आनंद व्हायचा. पुढे त्याचीच भीती वाटू लागली. दत्तू नावाचा एक लूम कामगार यायचा. त्याच्या नाडीबरोबर माझा पारा फार वर थरथरायचा. "मला काय बी होत नाही," असं म्हणत तो हसायचा. मग तो यायचा थांबला. त्याच्या भावाने येऊन सांगितलं, की दत्तू लूमजवळच कोसळला आणि त्याचं अर्धं अंग गेलं. त्यानंतर पारा तितका वर थरथरला, की पुढे काय वाढून ठेवलंय ते मला कळायचं. पण ते मला सांगता येत नव्हतं.

एके दिवशी सुषमाबाई आल्या. खानदेशातून आलेलं कुटुंब. नवरा योगराज लूमवर, आणि त्या घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायच्या. वय चाळिशीच्या आतलं. डोकं दुखतं म्हणून आल्या होत्या. पट्टा फुगला, हवा सुटू लागली, आणि पारा दत्तूच्या रेघेपाशीच थरथरू लागला.

गायत्रीबेननी एक गोळी लिहून दिली. पुढच्या खेपेला दुसरी. मग तिसरी. घरातून लोणचं गेलं, पापड गेले, भाजीतलं मीठ कमी झालं. पारा मात्र खाली येत नव्हता.

"सुषमाबेन, खरं सांगा. गोळ्या चुकवता ना?" गायत्रीबेननी विचारलं.

"नाही हो बेन. रोज घेते."

 गायत्रीबेननी शेजारी उभ्या असलेल्या योगराजकडे पाहिलं. त्या नजरेतला संशय घरापर्यंत गेला.

त्या दिवसापासून योगराज स्वतःच्या हाताने सुषमाबाईंना गोळी देऊ लागला. ती गिळल्यावर तोंड उघडायला लावून जिभेखाली बोट फिरवू लागला. हे मला कसं ठाऊक? तो स्वतःच दवाखान्यात सांगत होता. "आता पक्कं पाहतो बेन. तरी कमी नाही. ही कुठंतरी थुंकून येते."

सुषमाबाई त्याच्याकडे वळल्या आणि घरच्या बोलीत हळूच म्हणाल्या, "मी तुमना देखतच गिळस ना."

"मग उतरत का नाही?"

सुषमाबाई पदर सावरून उठल्या. 

जाताना त्या उंबऱ्याशी थांबल्या. "बेन, पायात गोळे येतात. पाण्याची कळशीही उचलत नाही आता."

"दिवसभर मांडी घालून बसता, त्यामुळे असेल," गायत्रीबेन म्हणाल्या. बाहेर बाक भरलेला होता.

मग संशय माझ्यावर आला. बॅटरीवर चालणारं एक नवं मशीन आलं. त्याच दंडावर आधी ते लावलं, मग मी. दोघांचं उत्तर एकच निघालं. मी खरा ठरलो, पण त्यात सुख कसलं? माझ्या पट्ट्यात आवळलेला तो दंड आता सैल, थकलेला लागत होता.

आणि एका दुपारी योगराज सुषमाबाईंना हाताला धरून घेऊन आला. साडीवर खडा ठेवता ठेवता त्यांना उजव्या डोळ्याने दिसेनासं झालं होतं. सगळीकडे काळंच काळं. गायत्रीबेननी घाईने पट्टा बांधला. पारा इतका वर थरथरला, की त्यांनी आकडा मोठ्याने सांगितलाच नाही. त्यांनी लगेच रिक्षा बोलावली आणि दोघांबरोबर स्वतःही मोठ्या इस्पितळात गेल्या.

तिथे रक्त तपासलं, हे मला नंतर गायत्रीबेनच्या बोलण्यातून कळलं. शरीराला लागणारं पोटॅशियम धोक्याच्या पातळीपर्यंत उतरलेलं होतं. पायातले गोळे, हातातली गेलेली ताकद, सगळं त्यामुळेच. मग पोटाचा फोटो काढला, तेव्हा मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथीत एक गाठ सापडली. ती गाठ रक्तात असा रस सोडत होती, की पोटॅशियम वाहून जात होतं आणि त्या गोळ्या कितीही घेतल्या तरी दाब उतरणार नव्हता. सुषमाबाई पहिल्या दिवसापासून खरं बोलत होत्या.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली. बऱ्याच दिवसांनी त्या पुन्हा माझ्यासमोर बसल्या, तेव्हा पारा प्रथमच शांतपणे खाली उतरत गेला आणि निरोगी माणसाच्या रेघेपाशी येऊन थरथरला. एकच लहानशी गोळी उरली.

"आणि डोळा?" योगराजने विचारलं.

"त्याच्या पडद्यात रक्त साकळलं होतं. त्याची नजर आता परत येणार नाही," गायत्रीबेन म्हणाल्या.

 योगराज म्हणाला, "मी हिला खोटारडी ठरवलं. आम्ही आधीच मोठ्या दवाखान्यात गेलो असतो तर?"

गायत्रीबेननी माझा पट्टा सोडला, पण गुंडाळून ठेवला नाही. "मी पाठवल्याशिवाय तुम्ही कुठे जाणार होतात योगराजभाई? सुषमाबेन उंबऱ्यात उभ्या राहून सांगत होत्या. मी विचारायला हवं होतं."

सुषमाबाईंनी दोघांकडे पाहिलं. तोंड बरंच वळवावं लागलं त्यांना, कारण योगराज उजव्या बाजूला बसला होता.

मित्रांनो, मी फक्त दाब किती आहे ते सांगतो. तो का उतरत नाही, हे मला कधीच सांगता येणार नाही. ते माणसांनी माणसाला विचारायचं असतं. तुमच्या घरात कुणी औषध वेळेवर घेत असेल आणि तरी दाब तसाच राहत असेल, तर त्याच्यावर पहारा बसवू नका. त्याला आणखी काय काय होतंय, ते नीट बसून ऐका आणि डॉक्टरांनाही ऐकायला लावा. माझा पारा फार वेळ वाट पाहत नाही.