दुपारची गोळी

"ती चप्पल आधी खाली ठेवा."

मी ओरडले तेव्हा ओपीडीच्या बाकांमधल्या फरशीवर एक मुलगी फिट येऊन पडली होती. तिच्या नाकाशी दोन चपला आल्या होत्या आणि एक गृहस्थ घाईघाईनं बुटाची नाडी सोडत होते. चप्पल हुंगवली की फिट थांबते, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. एरवी जागेवरून न हलणारी माणसं अशा वेळी चप्पल काढायला मात्र सगळ्यांत पुढं असतात. फिट आपली आपणच थांबते आणि श्रेय चपलेला जातं.

"कितना बोली मैं, बाजू सरका म्हणून. कोई सुनताच नहीं," सगीरा सिस्टर म्हणाली.

आम्ही दोघींनी मुलीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली तिचीच सॅक सरकवली आणि वाट बघत बसलो. हळूहळू तिचे हातपाय सैल पडले. मग मी तिचा चेहरा नीट पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. ही लासूर स्टेशनची अपेक्षा, माझीच पेशंट. दिवाळीपासून तिला एकही फिट आली नव्हती.

दुपारी ती उठून बसण्याइतकी सावरली, तेव्हा मी तिला आणि तिच्या आईला आत बोलावलं.

"गोळी कधी बंद केली?"

"बंद म्हंजे, तशी बंद नाय म्हणता येनार," आई म्हणाली.

"सरिताबाई, खरं सांगा."

"झाला आसंल म्हैना."

"का पण?"

"नीटची परीक्षा हाय ना मॅडम. गोळी घेतली की पोरगी पुस्तकावरच डुलक्या मारती. क्लासच्या बाकीच्या पोरी पहाटंपस्तोर जागतेत. हिच्यासाठी सिडकोत खोली करून ऱ्हायलोत आम्ही. हिचे पप्पा तिकडं हातानं भाकरी थापतेत. मंग ही झोपून ऱ्हायली तर कसं व्हायचं?"

"मला एकदा विचारायचं तरी."

"तुमचंच पाहून केलं की," सरिताबाई दुखावल्या आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला.

पडद्यावर मीच होते. खांद्यावर शाल, हातात नारळ. मागच्या वर्षी कुठल्याशा मंडळानं माझा सत्कार केला होता. सूत्रसंचालक भरल्या गळ्यानं सांगत होता, की सोयगावच्या या लेकीनं नुसत्या जिद्दीच्या बळावर मिरगीला कायमचं हरवलं आणि ती डॉक्टर झाली. मग मी हात जोडले आणि व्हिडिओ संपला. वास्तविक त्यानंतर मी माईक घेऊन सांगितलं होतं, की मी कुणाला हरवलेलं नाही, मी आजही गोळ्या घेते आणि तुम्हीही घ्या. त्यावर टाळ्या पडल्या नाहीत, म्हणून तेवढं कापलं असणार. या असल्या प्रेरणेचा मला अगदी वीट आला आहे. दर सत्काराला मला विचारतात, डॉक्टर व्हायची प्रेरणा कुठून मिळाली? मी काहीतरी सेवाभावाचं बोलून खाली बसते. खरं उत्तर शालीसोबत शोभत नाही.

खरं उत्तर असं, की मला चीड आली होती. शाळेत प्रार्थनेच्या वेळी मी पहिल्यांदा पडले, तेव्हा चौथीत होते. मग वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, मला एसटीनं इथं शहरात दाखवायला आणलं. डॉक्टर मोठे होते. त्यांनी अण्णांना सांगितलं, हिला विहिरीवर पाठवू नका, चुलीपाशी बसवू नका, आणि लग्न ठरवताना जास्त खोलात जाऊ नका. मी तिथंच स्टुलावर बसले होते. मला विचारायचं होतं, की मी सायकल चालवू का. पण त्या माणसानं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. आजार माझा, झटके माझे, आणि बोलणी त्या दोघांत चाललेली. अण्णा बिचारे मान डोलवत होते. परतीच्या एसटीत मी ठरवलं, की कधीतरी त्या खुर्चीत आपण बसायचं आणि समोरच्या पोरीशी बोलायचं.

आणि एवढं करून मी आत्ता काय करत होते? पोरीला सोडून तिच्या आईला झापत होते.

मी खुर्ची वळवली. "अपेक्षा, गोळी बंद करायचं कुणी ठरवलं?"

"आईनं." मग तीच पुढं म्हणाली, "मीपण हो म्हणले. मला तुमच्यासारखं व्हायचंय."

मी घड्याळाकडे पाहिलं. माझी दुपारची गोळी घ्यायची वेळ केव्हाच टळून गेली होती. ती मी आतल्या खोलीत पडद्यामागं घेते. एकदा एका पेशंटच्या मामानं मला गोळी घेताना पाहिलं आणि पुढच्या तारखेला ते कुटुंब आलंच नाही. फिट येऊन गेलेली डॉक्टर लोकांना आवडते, अजून येऊ शकेल अशी नको असते. तेव्हापासून सगीरा माझी गोळ्यांची पट्टी आतच ठेवते.

"सिस्टर, माझी गोळी इथं आणा."

"इथं?" सगीरानं सरिताबाईंकडे पाहिलं. "मॅडम, रहने दो ना."

"आणा."

तिनं नाइलाजानं आणून दिली. मी ती दोघींच्या देखत तोंडात टाकली आणि वर पाणी प्याले. पट्टीवरचं नाव वाचायला अपेक्षा पुढं वाकली.

"ही तर माझीच गोळी आहे."

"हो. मी तीन वेळा घेते, तू दोन वेळा घ्यायचीस."

"म्हणजे तुम्ही बऱ्या नाही झालात?"

"नाही. गोळी घेते म्हणून ठीक असते."

"आणि पेपर चालू असताना फिट आली तर?"

"मला आली होती, बारावीत, केमिस्ट्रीला. शुद्धीवर आले तेव्हा सगळ्यांचे पेपर गोळा झाले होते. पुढच्या वर्षी पुन्हा बसले."

अपेक्षानं माझ्याकडे हात पसरला. मी तिच्यासाठी लिहिलेल्या औषधांतली पहिली गोळी सगीरानं त्या हातावर ठेवली. पोरीनं ती गिळली.

सरिताबाई मात्र उठून दारापाशी गेल्या होत्या. "सिस्टर," त्या हळूच म्हणाल्या, "दुसरे डॉक्टर कोन्त्या वारी बसतेत?"

सगीराचा चेहरा तापला. ती काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "बुधवारी. चांगले आहेत ते. मी चिठ्ठी देते."

"तसं नाय मॅडम, तुमी लई चांगल्या हाव. पन पोरीचा जीव हाय." त्या घुटमळल्या. "त्यान्ला तर नाय ना काही?"

"नाही. त्यांना काही नाही."

मी चिठ्ठी लिहिली. वाईट वाटलं नाही असं कशाला म्हणू? चांगलंच वाईट वाटलं. औषधाच्या नावाखाली मी दोन रेघा ओढल्या आणि कागद सरिताबाईंना दिला. सगीरानं गोळ्यांची पिशवीही त्यांच्याच हातात दिली. त्यांनी ती पर्समध्ये टाकली.

अपेक्षा दारातून मागं फिरली.

"मॅडम, ह्या गोळीनं झोप येते ती पुढं कमी होते का?"

"थोडी होते. मला अजून येते."

"मग तुम्ही काय करता?"

"झोपते."

तिनं वळून आईच्या पर्समधून गोळ्यांची पिशवी काढून घेतली आणि आपल्या सॅकमध्ये ठेवली.