डॉक्टरीणबाईंनी तीन म्हटलं

भोंगाकाकांच्या ओठाला आतून फोड आला, आणि तोही नेमका जिथे ट्रम्पेट टेकतं तिथेच. माणसाला फोड यायला काय, पाठ आहे, टाच आहे, जागा का थोड्या आहेत? पण नाही. ज्या ओठाच्या जिवावर उभं आयुष्य बँडमध्ये काढलं, त्या ओठानेच ऐन वेळी हात वर केले.

ऐन वेळ म्हणजे त्याच दिवशीची संध्याकाळ. बागेतल्या चौथऱ्यावर बँडचा कार्यक्रम होता आणि काकूंचा तो शेवटचा. काकू म्हणजे भोंगाकाकांची बायको. त्याच बँडमध्ये मागच्या रांगेत उभ्या राहून त्या मोठा ढोल वाजवायच्या. मनगटं कुरकुरायला लागली म्हणून त्या आजनंतर थांबणार होत्या. निरोपाला हार नको, भाषण तर त्याहून नको, असं त्यांनी बजावलं होतं. "ते शेवटी उंच सुराचं गाणं तेवढं घ्या," एवढीच मागणी. त्या गाण्यात काकांचा सूर चढत चढत टोकाला पोचतो आणि तिथे ढोलाचा एकच घाव पडतो. सूर चढला नाही तर घाव नाही, सरळ हिशेब. क्लॅरिनेटवाला "मी वाजवतो की!" म्हणत टपूनच बसला होता, पण त्याचा उंच सूर म्हणजे मांजराच्या शेपटीवर पाय.

तेव्हा सकाळीच काकूंनी नवऱ्याला धरून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे आणलं. बाईंकडे नुकतंच लेझरचं यंत्र आलं होतं. डब्याएवढं यंत्र, पण नव्याची नवलाई अशी, की बाई येता-जाता ते पदराने पुसल्यासारखं कोटाच्या बाहीने पुसायच्या.

"कापणार?" काकांनी तोंडावर हात ठेवूनच विचारलं.

"छे हो काका! नुसता उजेड पाडायचा. फोड आज जाणार नाही, तो त्याच्या वेळेनेच भरेल. पण आग कमी होईल."

"अगं, ऐकलंस का?" काका काकूंकडे वळले. "बँडमास्तर जन्मभर मला म्हणाले, तू काय उजेड पाडणार! आता बघ म्हणावं."

खोलीतल्या सगळ्यांनी चष्मे लावायचे असा नियम होता. काकूंनी हिरवा चष्मा चढवला, दाराबाहेरच्या आरशात स्वतःला डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि "हा घरी नेता येतो का हो?" असं विचारूनही घेतलं. एवढ्यात बाईंचं लक्ष काकांच्या मांडीकडे गेलं. तिथे ट्रम्पेट होतं.

"काका, चकचकीत काही चालत नाही इथे. उजेड त्यावरून उडून भलतीकडे जाईल."

काकांनी कुरकुरत ट्रम्पेट टॉवेलात गुंडाळलं आणि बाहेरच्या टेबलावर ठेवून आले. पोर पाळणाघरात सोडणाऱ्या बापासारखं त्यांनी दारातून तीनदा मागे वळून पाहिलं.

"आता ओठ अगदी सैल सोडा," बाई म्हणाल्या. "मी तीन म्हटलं की पायाने कळ दाबणार. एक, दोन, तीन!"

आणि काकांनी फुंकलं.

त्यांचा तरी काय दोष? कुणी एक-दोन-तीन म्हटलं की पोट आत, ओठ घट्ट आणि फूऽऽ! हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. बाईंचा चष्मा धुरकटला, ट्रेमधले कापसाचे बोळे उडाले आणि त्यातला एक काकूंच्या अंबाड्यात जाऊन बसला. बाईंनी चष्मा पुसला. पुन्हा एक, दोन, तीन. पुन्हा फूऽऽ! मग बाईंनी शहाणपणा केला, मोजलंच नाही, नुसता हात वर केला. पण बँडमास्तरही नुसता हातच वर करतात. उरलेले बोळेही गेले. बाई स्टुलावर बसून इतक्या हसल्या की त्यांना उचकी लागली.

"थांबा, हे काम माझं," काकू म्हणाल्या.

त्या खुर्चीच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. हात हळूच वर नेला आणि मूठ मिटली. बँडमध्ये याचा अर्थ एकच, गप्प. काकांचे ओठ नाडी सुटलेल्या पिशवीसारखे सैल पडले. बाईंनी उचकी गिळून कळ दाबली. यंत्र हलकेच टिकटिकलं, ओठाला जेमतेम ऊब लागली. काका बायकोकडे बघत राहिले. हिरवा चष्मा, अंबाड्यात कापूस, वर मिटलेली मूठ. इतकी वर्षं एका बँडमध्ये काढली, पण ते पुढे आणि ती मागे. तिचा ढोल त्यांनी रोज ऐकला होता, तिला वाजवताना मात्र कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना एकदम फार वाईट वाटलं.

ओठाची आग खरंच निवळली. "पण बेतानं हं," बाई म्हणाल्या. "आणि मी येणार आहे ऐकायला."

संध्याकाळी गाणं सुरू झालं. खालचे सूर लोण्यासारखे निघाले. मग आला तो उंच सुराआधीचा थांबा, आणि काकांनी ट्रम्पेट ओठापासून जरा दूरच धरलं. ओठ दुखत नव्हता, पण दुखला तर? सूर फाटला, तर तिचा शेवटचा घाव फाटक्या सुरावर पडायचा? बँडमास्तरांचा हात हवेत लटकला. क्लॅरिनेटवाल्याने ओठांवरून जीभ फिरवली.

पहिल्या रांगेत डॉक्टरीणबाईंना ते बघवेना. त्या उठून उभ्याच राहिल्या आणि ओरडल्या, "एक! दोन!"

काका गर्रकन मागे वळले. बँडमास्तरांकडे पाठ, लोकांकडे पाठ, तोंड काकूंकडे.

"तीन!"

पोट आत, ओठ घट्ट. सूर असा सुटला की क्लॅरिनेटवाल्याचे कागद उडाले. तो चढला, टोकाला पोचला आणि तिथेच ठाण मांडून बसला. काकूंनी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि घाव घातला. झाडावरचे पक्षी उडाले. काकांनी ते सगळं पाहिलं, अगदी डोळे भरून.

गाणं संपलं होतं. पण काका थांबेनात. थांबले की तिचं वाजवणंही संपणार होतं. बँडमास्तर मागून हातवारे करून थकले. काकांचा चेहरा लालबुंद झाला, तरी ते सूर सोडेनात.

शेवटी काकूंनी ढोलाचं टिपरू खाली ठेवलं. हसत, नाक पुसत त्यांनी हात वर नेला आणि मूठ मिटली.

तेव्हा कुठे काका थांबले.