माझ्या पोटात काय होतं?

मी एक धातूचा पोकळ गोळा बोलतोय. पण माझ्या आठवणींवर फार विसंबू नका. कुठल्या देशाच्या रॉकेटबरोबर वर गेलो, ते मला नक्की सांगता येत नाही. खाली पडताना अंग भाजलं, तेव्हा आठवणीही भाजल्या असाव्यात. माझ्या पोटात काय भरलं होतं, हेसुद्धा मी विसरलो. पुढचा सगळा घोळ त्यामुळेच झाला.

उसाच्या शेतात आपटून मी वरच्या बाजूला फुटलो आणि लखनौजवळच्या चिनहटमधल्या एका भंगारवाल्याकडे आलो. १९९५ साली तिथे बाळकृष्ण दातार आले. रेल्वेतले निवृत्त इंजिनियर, लखनौच्या महानगर नावाच्या भागात मुलाकडे राहणारे. त्यांनी मला टिचकी मारली.

"ब्रेकची हवाटाकी आहे ही. जुनी बनावट!"

"ले जाइए साहब, हमसे तो कटता ही नहीं," भंगारवाला म्हणाला.

उभा जन्म रेल्वेत गेलेल्या माणसाला गोल टाकी रेल्वेचीच वाटणार. मला त्याचा राग नाही. त्यांनी माझ्यात माती भरून तुळस लावली. नात सलोनी रोज पाणी घाली आणि शाळेत जाताना दोन पानं तोंडात टाकी. एकदा वापरून फेकलेल्या मला ते फार सुखाचं वाटे.

पावसाळा सरला, तरी मला गंज चढेना. बाळकृष्ण चष्मा पुसून पुसून मला न्याहाळू लागले. त्यातच पेपरात बातमी आली. रॉकेटच्या टाक्या कधी कधी जमिनीवर पडतात, काहींत विषारी इंधन असतं, हात लावू नये. शेजारी फोटो होता. हुबेहूब मी!

सलोनीला त्यांनी तडक डॉक्टरकडे नेलं. मुलगी ठणठणीत निघाली, पण बाळकृष्णांना पटेना. रोज सकाळी तेच.

"सलोनी, जीभ दाखव. नखं बघू."

"आजोबा, फिर से? कल ही तो देखी थी, यार!"

"यार काय, आजोबा आहे मी तुझा! दाखव."

सून चित्रा म्हणाली, "बाबा, तुळस मातीसकट गोमतीत सोडून देऊ या. सगळे सोडतात."

"रॉकेटवाल्यांनी वरून आपल्यावर टाकलं, आता आपण नदीवर टाकायचं?" बाळकृष्ण कडाडले. मग आवाज खाली आला. "मीच आणला ना हा घरात. मीच सांभाळीन."

तुळस सुकली. मी पोत्यात बांधला जाऊन गच्चीच्या कोपऱ्यात बसलो. पुढे एकदा सलोनीने त्यांना बातमी दाखवली: अमेरिकेत प्रयोगासाठी बनवलेलं एक छोटं रॉकेट थोडं वर उडून परत पायांवर उतरलं होतं.

"यात नवल कसलं?" ते म्हणाले. "लखनौ मेल दिल्लीला पोचली की इंजिन यमुनेत ढकलतो का आपण? धुऊनपुसून परत आणतो!"

माझंही एवढंच मागणं आहे. आम्हाला खुशाल वर पाठवा, पण परतीची वाट आधी आखा. ज्याच्या अंगणात आम्ही पडतो, त्याची झोप उडते.

नऊ वर्षं रोज जीभ तपासली गेली. सलोनी कॉलेजात गेली, तरी तो नेम चुकला नाही. २००४ साली तिने पोतं सोडलं, माझ्यावरची काजळी खरवडली आणि खालचा नंबर एका अवकाश संस्थेला कळवला. उत्तर आलं. बाळकृष्णांनी ते दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा तिच्याकडून वाचून घेतलं.

माझ्या पोटात हेलियम होता. फुग्यात भरतात, तो.