हलकी टकटक

चामराजपेटेतल्या आमच्या इमारतीत माझ्याविरुद्ध काहीतरी शिजत होतं. असल्या गोष्टींचा वास मला लगेच येतो. येलहंकाला राहत होतो तिथंही आधी शेजारणी गप्प झाल्या आणि मग मालकानं गोड बोलून घर खाली करायला सांगितलं. कारण काय, तर भव्या ओरडते. माझी लेक नऊ वर्षांची आहे, स्वमग्न आहे. मोठा आवाज झाला की कान झाकून किंचाळते. नवरा फिरतीवर असतो, म्हणजे पुन्हा घर शोधत वणवण करायची ती मीच.

इथंही तसंच सुरू झालं. वरच्या सुशीलाबाईंचा मिक्सर बंद झाला. समोरच्या महानंदाच्या कुकरची शिट्टी ऐकू येईना. दोघी जिन्यात बोलत असल्या आणि आम्ही मायलेकी दिसलो, की एकदम चिडीचूप. त्यावर पुन्हा हसणं! दुपारी कुणीतरी दार हळूच वाजवायचं. बेल असताना टकटक कशाला? मालकाचा निरोप असणार. भव्या धावत जाऊन कडीला हात घालायची. मी तिचं मनगट धरून मागं ओढायची आणि श्वास रोखून उभी राहायची. टकटक थांबली की मला रडू यायचं. दिवसभर पाठ टेकायला मिळत नव्हती, त्यात हा घोर.

परवा माझं डोकंच फिरलं. भव्याला घेऊन वर गेले आणि सुशीलाबाईंना म्हटलं, "आम्हाला काढायचंच असेल तर तोंडावर सांगा. चोरासारखं काय चाललंय?"

त्या पाट्यावर चटणी वाटत होत्या. मिक्सर कपाटावर, कापडात गुंडाळलेला.

"कुणाला काढायचंय गं?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मिक्सर लावला की हे लेकरू खाली किंचाळायचं. माझ्या जिवाला लागायचं. महानंदाला म्हटलं, तूही कुकर जरा बाजूला ठेव. ती आता पातेल्यात डाळ शिजवते."

"आणि आम्हाला बघून गप्प का होता?"

"आमचे आवाज काय कमी मोठे आहेत?"

"दारही तुम्हीच वाजवत होता?"

"मग! बेलनं दचकते ना ती. तुझे डोळे बघ किती ओढलेत. म्हटलं, दुपारी तासभर मी बसते पोरीपाशी, तू आडवी हो. पण तू दार उघडशील तर शपथ."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंडातून निघालंच, "आधी सांगायचं नाही का?"

"कुणाला सांगू? दाराला?"

भव्या पाट्याशेजारी बसून वरवंट्याकडे बघत होती. हात मांडीवर होते, कानांवर नव्हते.

काल दुपारी टकटक झाली. सवयीनं माझे हात पुढं झाले. भव्या धावली, एक हात कडीला घातला आणि दुसऱ्या हाताचं मनगट रोजच्यासारखं माझ्यापुढं धरलं, मी ओढावं म्हणून. मला माझीच चीड आली. मी हात मागं घेतले. कडी तिनंच काढली.